मातीची पाळ

कोयना, जायकवाडी, भाटघर ही धरणे ज्याने कधी पाहिली नाहीत त्यालाही त्यांची नावे ठाऊक असतात. शाळेच्या पुस्तकांत त्यांची चित्रे असतात, पावसाळ्यात त्यांचे साठे वर्तमानपत्रांत रोज छापून येतात, आणि त्यांचे दरवाजे उघडले की नदीकाठची गावे सावध होतात. परंतु या नामांकित धरणांच्या कितीतरी वर, जेथे नदीला अद्याप नदी हे नाव मिळालेले नसते आणि ती केवळ एक ओढा, किंवा त्याहूनही लहान अशी एखादी लवण असते, तेथे डोंगराच्या पायथ्याशी पुरुष-दोन पुरुष उंचीची मातीची एक पाळ दोन टेकाडांच्या मध्ये आडवी घातलेली आढळते. तिला नाव नसते. सरकारी दप्तरात तिची नोंद गट क्रमांकाने व मंजुरीच्या वर्षाने होते, गावकऱ्यांच्या बोलण्यात ती 'वरची पाळ' किंवा 'दुष्काळातला बांध' असते, आणि वाटसरूला तर ती कोणी बांधलेली वस्तू आहे हेही पुष्कळदा कळत नाही. कारण तिच्यावर हरळी माजलेली असते, गुरे तिच्या उतारावर चरत असतात, आणि तिचा रंग आजूबाजूच्या जमिनीहून निराळा नसतो. या निनावी पाळींविषयी पुष्कळ दिवस मनात साठत आलेले काही येथे मांडावयाचे आहे.

पुरंदर तालुक्यात, कऱ्हेच्या खोऱ्यात, ज्या गावाशी माझा जन्माचा संबंध आहे त्याच्या उत्तरेस एक उघडाबोडका डोंगर आहे. सह्याद्रीने पावसाळी ढगांचे बहुतेक पाणी पश्चिमेकडे उतरवून घेतल्यावर जे उरते त्यावर या पर्जन्यछायेच्या प्रदेशाला वर्ष काढावे लागते. सरासरी पाचशे मिलिमीटरांच्या आतबाहेरचा पाऊस, आणि तोही वेळेवर पडण्याचा नेम नाही. मृग कोरडा जातो, आर्द्रा हुलकावणी देते, बाजरी माना टाकते, आणि मग उत्तरा-हस्ताच्या सुमारास एखाद्या संध्याकाळी काळे ढग चढून येतात व महिन्याभराचा पाऊस दोन तासांत कोसळतो. अवर्षणाच्या मुलखात पुराची भीती कशाला, असे परगावच्या माणसास वाटते. पण ज्या डोंगरावर झाड नाही आणि ज्या मुरमाड उतारावर पाणी धरून ठेवील असा मातीचा थर उरलेला नाही, तेथे दुष्काळ आणि पूर एकाच कारणातून जन्मास येतात. जे पाणी जमिनीत मुरत नाही ते धावते, जे धावते ते माती घेऊन जाते, आणि माती गेली की पुढच्या वर्षी त्याहूनही कमी पाणी मुरते. आमच्या खालच्या आळीतील जुन्या माणसांनी असे लोंढे पाहिलेले आहेत. सांजवेळी कोरडा असलेला ओढा रात्री दगडगोटे गडगडवीत येई, उंबऱ्यावरून आत शिरे, कणगीतील धान्य भिजवी, आणि उजाडेपर्यंत ओसरूनही जाई. मागे राहत असे तो अंगणातला लाल चिखल, आणि तो चिखल म्हणजे वरच्या शेतांची माती होती.

ही माती कशी जाते ते नीट पाहण्यासारखे आहे. ओघळीचा जन्म फार क्षुल्लक निमित्ताने होतो. गुरांची एखादी पायवाट, गाडीच्या चाकोऱ्या, बांधाला पडलेले खांड, किंवा अति चराईने उघडी पडलेली हातभर जमीन, एवढे निमित्त पुरते. वळवाच्या पहिल्या सरीत त्या खाचेतून पाणी एकवटते. एकवटलेले पाणी पसरलेल्या पाण्यापेक्षा वेगाने धावते, वेगाने धावणारे पाणी अधिक खोल कोरते, आणि खोल झालेली खाच आजूबाजूचे आणखी पाणी आपल्याकडे ओढून घेते. अशी ओघळ दहा-वीस पावसाळ्यांत घळ होते. तिचा वाढता शेंडा नेहमी वरच्या बाजूला असतो. सपाट शेत जेथे एकदम तुटते त्या कड्यावरून पाणी खाली उडी घेते, पायथ्याची मऊ माती पोखरते, आधार सुटलेला वरचा थर कोसळतो, आणि कडा हातभर डोंगराकडे सरकतो. पाणी खाली वाहत असते आणि घळ वर चढत असते. शेतकरी दरसाल थोडा आत सरून नांगर वळवितो, आणि ज्या जमिनीवर आजोबांनी ज्वारी पेरली ती नातवाच्या सातबाऱ्यावर पोटखराबा या सदरात दाखल होते. पाच-सात गुंठ्यांचा तो आकडा कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. एक शेत एका वर्षात गेले असते तर गावभर आकांत झाला असता. तेच पन्नास वर्षांत जाते म्हणून त्याचा पंचनामा कोणी करीत नाही.

मातीची पाळ या दोन्ही संकटांच्या आड उभी राहते, आणि तिचे कार्य केवळ पाणी साठविण्याचे आहे असे समजणे हा तिच्यावर अन्याय आहे. एका हेक्टरावर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे दहा हजार लिटर पाणी पडले, हा हिशेब शाळकरी मुलालाही करता येईल. साठ हेक्टरांच्या एका लहानशा पाणलोटावर सायंकाळी पन्नास मिलिमीटरांची सर कोसळली तर तीन कोटी लिटर पाणी पडले, आणि त्यातला तिसरा हिस्सा जरी धावत सुटला तरी एक कोटी लिटर पाणी घटकाभरात ओढ्याच्या तोंडाशी येऊन ठेपते. पाळ हे सारे पाणी गिळून टाकू शकत नाही, आणि तसा तिचा दावाही नसतो. ती त्यातले काही पोटात ठेवते आणि उरलेले सांडव्यावाटे आपल्या गतीने सोडते. जे पाणी एकदम गावावर चालून आले असते ते रात्रभर, कदाचित दुसऱ्या दिवसापर्यंत, थोडेथोडे उतरत राहते. पाणी तेवढेच, फक्त त्याचा काळ लांबविलेला. आणि पुराचा विनाश पाण्याच्या राशीपेक्षा त्याच्या घाईवर अधिक अवलंबून असल्यामुळे एवढ्या काळाच्या लांबणीनेच उंबऱ्यावर येणारे पाणी ओढ्याच्या काठात राहते.

दुसरे कार्य याहूनही मूक आहे आणि माझ्या मते अधिक मोलाचे आहे. जलशास्त्राचा एक जुना नियम असा आहे की, प्रवाहाचा वेग दुप्पट झाला तर तो ढकलू शकेल अशा धोंड्याचे वजन चौसष्ट पटींनी वाढते. हा आकडा प्रथम वाचला तेव्हा विश्वास बसेना. पण ओढ्याच्या पात्रात मनुष्याच्या उंचीचे गोटे पडलेले पाहिल्यावर त्याचा अर्थ लागला. वेग उतारावर अवलंबून असतो, म्हणून घळीला आवर घालावयाचा तर तिच्या तळाचा उतार कमी केला पाहिजे. पाळ आडवी पडली की तिच्या पाठीशी पाणी थबकते, थबकलेल्या पाण्यातून आधी वाळू, मग रेती, मग मऊ गाळ खाली बसतो, आणि घळीचा तळ वर्षावर्षाने उचलला जातो. ज्या पात्राला पूर्वी एकच लांब, बेफाम घसरण होती तेथे जिन्यासारख्या सपाट पायऱ्या तयार होतात; पाण्याने जेवढे खाली यावयाचे तेवढे ते येतेच, परंतु पायरी पायरीने, प्रत्येक पायरीवर विसावत येते. तळ उचलला गेल्यामुळे वरच्या कड्याची उंची कमी होते, कड्यावरून पडणाऱ्या पाण्याची पोखरण्याची शक्ती क्षीण होते, आणि डोंगराकडे चाललेली घळ एके ठिकाणी थांबते. ज्या शेतकऱ्याचे शेत अर्ध्या मैलावर वर आहे, ज्याने या पाळीचे एक घमेले पाणी कधी वापरले नाही, त्याची जमीनही ही पाळ राखीत असते.

आमची पाळ १९७२ च्या दुष्काळातील आहे. त्या दुष्काळाची आठवण महाराष्ट्राच्या कोरडवाहू भागात आजही कालगणनेसारखी वापरली जाते. लग्ने, जन्म, मृत्यू दुष्काळाच्या आधीचे किंवा नंतरचे असतात. १९७३ च्या उन्हाळ्यात राज्यातील दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे राबत होती. खडी फोडणे, रस्ते, पाझर तलाव, नालाबांध, जे काम निघेल त्यावर माणसे जात. वि. स. पागे यांनी पुरस्कारलेली रोजगार हमीची कल्पना त्याच सुमारास अमलात आली, १९७७ साली तिचा कायदा झाला, आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. मागेल त्याला काम देण्याचे बंधन एखाद्या राज्याने कायद्याने स्वतःवर घालून घ्यावे, ही त्या दुष्काळातून निघालेली मोठी गोष्ट होय. पण कायद्याच्या आधी कामे होती, आणि कामांच्या आधी पोटातली भूक होती. आमच्या पाळीवर हजेरीपटात ज्यांची नावे लागली त्यांत निम्म्याहून अधिक बायका होत्या. पुरुष टिकावाने खणत, बायका डोक्यावर पाट्या वाहत, आणि मुले पाण्याच्या घागरी घेऊन फिरत. माझी एक चुलती त्या कामावर होती. तिला अक्षरओळख नव्हती. पण कोणती माती पाळीच्या पोटात घालावी आणि कोणती पाठीवर, हे ती अखेरपर्यंत विसरली नाही.

कारण मातीचा बांध हा मातीचा ढीग नव्हे. बांधाच्या मध्यरेषेखाली आधी चर खणावी लागते, आणि ती पक्का मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खाली न्यावी लागते. त्या चरीत चिकण काळी माती ओली करून, दाबून भरतात, म्हणजे पाणी पायाखालून वाट काढीत नाही. तीच काळी माती पाळीचा गर्भ म्हणून वर चढत जाते. काळ्या मातीला पाणी अडविण्याचा गुण आहे, पण सुकली की ती भेगाळते आणि भिजली की फुगते, म्हणून तिला उघडे ठेवून चालत नाही. तिच्या दोन्ही अंगांना मुरमाड मातीचे जाड कवच द्यावे लागते. भराव वीतभर जाडीच्या थरांनी चढवावयाचा, प्रत्येक थरावर पाणी शिंपडावयाचे, ढेकळे फोडावयाची, आणि दुरमुसाने तो इतका ठोकावयाचा की टाचेचा ठसा उमटू नये. पाण्याकडचा उतार अधिक पसरट, साधारण एकास तीन, आणि बाहेरचा त्याहून थोडा उभा, मातीच्या जातीप्रमाणे कमीजास्त. पाण्याकडच्या अंगावर लाटांनी माती धुपू नये म्हणून दगडांची अस्तरी. माथा मध्यभागी किंचित उंच ठेवावयाचा, कारण नवा भराव पुढील पावसाळ्यांत बसतो आणि जेथे तो सर्वांत उंच असतो तेथे सर्वांत अधिक बसतो. यातले प्रत्येक कलम कोणीतरी, कोठेतरी, फुटलेल्या बांधाकडे पाहून शिकलेले आहे.

पाणी मातीच्या बळावर अडविण्याची ही विद्या आपल्याकडे किती जुनी आहे याची साक्ष गिरनारच्या पायथ्याशी एका शिळेवर कोरलेली आहे. सौराष्ट्रातील सुदर्शन तलाव चंद्रगुप्त मौर्याच्या काळी पुष्यगुप्ताने बांधविला, अशोकाच्या काळी तुषास्फाने त्यास कालवे जोडले, आणि शक ७२ मध्ये, म्हणजे इसवी सनाच्या १५० च्या सुमारास, एका भयंकर वादळी पावसात सुवर्णसिकता, पलाशिनी इत्यादी नद्यांना आलेल्या पुराने त्याचा माती आणि दगडांचा बांध फोडला. भगदाड ४२० हात लांब, तितकेच रुंद आणि ७५ हात खोल होते असे तो लेख सांगतो. एवढे भगदाड बुजणार नाही म्हणून महाक्षत्रप रुद्रदामनाच्या सचिवांनी दुरुस्तीस अनुत्साह दाखविला. प्रजेत हाहाकार उडाला. आणि सुविशाख नावाच्या अधिकाऱ्याने, प्रजेवर कर किंवा वेठ न लादता, राजाच्या स्वतःच्या कोशातून तो बांध पूर्वीहून बळकट करून बांधला. पुढे पाचव्या शतकात स्कंदगुप्ताच्या काळी तो पुन्हा फुटला आणि चक्रपालिताने पुन्हा बांधला, हेही त्याच शिळेवर आहे. एका तलावाच्या निमित्ताने सुमारे आठशे वर्षांचा इतिहास एका खडकावर एकत्र आला आहे, आणि त्या इतिहासाचा विषय काय, तर दुरुस्ती. लढाया जिंकल्याचे लेख पुष्कळ आहेत. फुटलेली पाळ बुजविली याचा अभिमान बाळगणारे लेख विरळा.

महाराष्ट्रातही हा विचार नवा नव्हता. विदर्भात कोहळी समाजाने भंडारा-गोंदियाच्या भागात मातीच्या पाळींचे तलाव बांधून भातशेती फुलविली, आणि त्यांतील कित्येक आज माजी मालगुजारी तलाव म्हणून ओळखले जातात. महात्मा फुले यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तेव्हा त्यांनी सरकारला सुचविले की पोलीस आणि लष्करातील रिकाम्या शिपायांकडून जागोजाग ताली व बंधारे घालावेत, म्हणजे वळवाचे पाणी शेतांत मुरून मगच नदीनाल्यास मिळेल. पाणी कोणत्या क्रमाने नदीस मिळावे याचा एवढा नेमका विचार त्या काळी सरकारदरबारी क्वचितच झाला असेल. मुंबई इलाख्यात जमीन सुधारणा योजनांचा कायदा झाला तो १९४२ साली, आणि त्यान्वये पुढे बांधबंदिस्तीची कामे सरकारी देखरेखीखाली निघाली. त्याच दशकात, पृथ्वीच्या दुसऱ्या अंगाला, अमेरिकेतही हाच शोध लागत होता. धुळीच्या वादळांनी पोळलेल्या ओक्लाहोमा राज्यात, वाशिता नदीच्या खोऱ्यातील क्लाउड क्रीक या ओढ्यावर, १९४४ च्या पूरनियंत्रण कायद्याखालील पहिला लहान मातीचा बांध १९४८ साली पूर्ण झाला. आज त्या देशात अशा बांधांची संख्या अकरा हजारांहून अधिक आहे. मोठ्या नदीचा पूर शहराच्या वेशीवर थोपविण्याऐवजी तो शेताच्या बांधावरच, जन्मतःच आवरावा, हे तत्त्व तेथील अभियंत्यांना मान्य होण्यापूर्वी साठ-पासष्ट वर्षे पुण्यातल्या एका माणसाने ते लिहून ठेवले होते.

आमच्याच तालुक्यात या तत्त्वाला पुढची पायरी मिळाली. १९७२ च्या दुष्काळाने अस्वस्थ झालेले अभियंते व उद्योजक विलासराव साळुंखे यांनी नायगाव येथे देवस्थानची सुमारे ४० एकर पडीक, उताराची जमीन कराराने घेतली, उतारावर बांधबंदिस्ती केली, पायथ्याशी पाणी अडविले, खाली विहीर घेतली, आणि त्या ओसाड जागी पिके उभी केली. त्या प्रयोगातून पाणी पंचायतीचे नियम निघाले: पाणी जमिनीच्या मानाने न देता माणसांच्या मानाने द्यावे, दरडोई अर्धा एकर आणि कुटुंबाला फार तर अडीच एकर, ऊस वर्ज्य, आणि ज्याला जमीन नाही त्यालाही पाण्यावर हक्क. पाळ बांधल्यावर तिच्या पाठीशी जे साठते ते कोणाचे, या प्रश्नाला एवढे निर्भीड उत्तर आपल्याकडे क्वचितच दिले गेले आहे. डोंगरावरचा पाऊस जर सर्वांवर पडतो आणि पाळीवर माती जर सर्वांनी वाहिली आहे, तर पाण्याचा हक्क केवळ खालच्या विहिरीच्या मालकाकडे जाणे न्यायाचे कसे, हा प्रश्न त्या नियमांनी विचारला, आणि तो अद्याप शिळा झालेला नाही.

आता ज्यासाठी हे सारे लिहावयास घेतले त्याकडे येतो. मातीच्या पाळीचे प्राण तिच्या सांडव्यात असतात. दगडी भिंतीवरून पाणी वाहिले तर भिंत बहुधा टिकते. मातीच्या माथ्यावरून वीतभर पाणी घटकाभर वाहिले तरी पाळ कापली जाते, आणि मग अडविलेले सारे पाणी एकदम खाली जाते, म्हणजे पाळ नसती तर जे झाले असते त्याहून वाईट होते. म्हणून सांडवा पाळीच्या बाजूला, मूळच्या टणक जमिनीत खणतात, आणि त्याची पातळी माथ्यापेक्षा पुरेशी खाली ठेवतात. मधली मोकळी उंची वाया गेलेली दिसते, पण तीच गावाची जामीनकी असते. आमच्या गावी पाळीवर लक्ष ठेवणारे एक वृद्ध शेतकरी होते. पावसात कोणी पाण्याची चौकशी केली की ते म्हणत, "आधी सांडवा बघ बाबा, पाणी मागनं बघ." त्यांच्या पश्चात काही वर्षे पाऊस कमी झाला, आणि विहिरींना चार दिवस अधिक पाणी राहावे या हेतूने कोणीतरी सांडव्याच्या तोंडावर दगडमातीचा हातभर उंच थर घातला. त्यात वाईट हेतू कोणाचाच नव्हता. उलट साऱ्यांनाच ते शहाणपणाचे वाटले. मग एका वर्षी हस्ताचा पाऊस लागला. रात्री पाणी माथ्यापासून हाताच्या अंतरावर आले तेव्हा दहा-बारा माणसे कंदील आणि पहारी घेऊन वर गेली, कमरेइतक्या ओढीच्या पाण्यात उभे राहून त्यांनी तो थर फोडला, आणि पहाटेपर्यंत सांडवा भरून वाहत राहिला. त्या रात्री खालच्या आळीत काहीच घडले नाही. मुले झोपलेली होती, गुरे गोठ्यात होती, आणि सकाळी ओढ्याला नेहमीपेक्षा थोडे अधिक पाणी आहे एवढेच लोकांना दिसले.

हे 'काहीच घडले नाही' हेच मातीच्या पाळीचे उत्पन्न आहे. न आलेला पूर, न सरकलेली घळ, न कोसळलेला कडा, न वाहून गेलेली माती यांची नोंद कोणत्या वहीत होते? कालव्याचे पाणी किती एकर भिजविते हे मोजता येते, त्याची पाणीपट्टी बसते, त्याचा अहवाल निघतो. टळलेल्या संकटाला ना पट्टी, ना पावती. म्हणून नव्या बांधाला मंजुरी मिळते, त्याचा नारळ फुटतो, आणि जुन्या पाळीच्या चार ब्रास दगडांच्या दुरुस्तीचा अर्ज टेबलाटेबलावर फिरत राहतो. जे आपण पाहू शकत नाही त्याचे मोल करण्याची सवय समाजाला नसते, आणि पाळीचे दुर्दैव असे की ती जितके उत्तम काम करील तितकी ती अनावश्यक वाटू लागते. तीस वर्षे पूर आला नाही की तीस वर्षांची पिढी म्हणते, येथे पूर येतच नाही. मग सांडव्याच्या खालच्या पात्रात कोणी शेत वाढवितो, कोणी घर बांधतो, आणि पाळीच्या उतारावरची माती कोणी आपल्या अंगणाच्या भरावास नेतो.

या विस्मरणाची किंमत महाराष्ट्राने मोजलेली आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे मातीचे धरण काम पुरते होण्याआधीच फुटले, त्याच दिवशी खडकवासल्याची भिंतही खचली, आणि पुणे शहराने जे पाहिले ते त्या पिढीच्या मनातून कधी पुसले गेले नाही. तो अपघात मोठ्या धरणाचा होता. परंतु २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यात तिवरे येथे फुटले ते एक लहान मातीचे धरणच होते, आणि त्याच्या खालची वस्ती रात्रीच्या अंधारात वाहून गेली. लहान या शब्दाने आपली फसगत होऊ नये. पाळ लहान असते ती खर्चाने आणि उंचीने. तिच्या खाली राहणाऱ्या माणसांचे प्राण लहान नसतात. घुशी आणि खेकडे बांधात बिळे करतात, बाभूळ आपोआप रुजते आणि तिची मुळे गर्भापर्यंत जातात, पुढे झाड मेले की कुजलेल्या मुळांच्या जागी पाण्याला तयार नळ मिळतो. बाहेरच्या पायथ्याशी ओल दिसते, आधी स्वच्छ पाणी झिरपते, आणि ज्या दिवशी ते गढूळ येऊ लागते त्या दिवशी बांधाच्या पोटातली माती निघून चालली आहे असे समजावयाचे असते. ही लक्षणे ओळखण्यास यंत्र लागत नाही. पाळीवरून चालत जाणारा, तिच्याशी ओळख असलेला एक माणूस लागतो.

पाळ कायमची टिकावी अशी अपेक्षाही करू नये. तिच्या पोटात गाळ भरत जातो आणि पाणी साठविण्याची तिची शक्ती ओसरत जाते. याला पुष्कळ लोक तिचे मरण समजतात. माझी समजूत निराळी आहे. गाळ काढून शेतांत पसरला तर पाळ पुन्हा पाणी धरते आणि डोंगराची माती आपल्या मूळ घरी परत जाते, हा एक मार्ग. आणि तसे न झाले तरी पाळीच्या पाठीशी जी सपाट, ओलसर, मऊ जमीन तयार होते तिच्यावर पाणी ओसरताच गाळपेर करता येते. आमच्या पाळीमागे आज हिवाळ्यात हरभरा उभा असतो. तेथे पूर्वी दोन पुरुष खोल घळ होती हे सांगितले तर तरुणांना खरे वाटत नाही. साठ्याचे काम संपले तरी उताराला आवरून धरण्याचे काम चालूच आहे, किंबहुना ते आता पूर्ण झाले आहे. परंतु ती जमीन टिकून आहे ती केवळ पाळ आणि सांडवा शाबूत आहेत तोवर. पाळीला खांड पडले तर पन्नास वर्षांत जमलेला गाळ पाच पावसांत निघून जाईल आणि घळ आपली जुनी चढण पुन्हा सुरू करील.

म्हणून मला असे वाटते की ज्या गावाच्या वर अशी पाळ आहे त्या गावाने तिला आपल्या वार्षिक कर्तव्यांत स्थान द्यावे. ग्रामसभेच्या इतिवृत्तात दरसाल एक ठराव तिच्या पाहणीचा असावा. सांडव्याची पातळी एका पक्क्या दगडावर खूण करून कायम केली जावी आणि ती कोणालाही, कितीही सद्हेतूने, बदलता येऊ नये. बाभळी रोपटी असतानाच उपटल्या जाव्यात, हरळी राखावी, बिळे बुजवावीत, अस्तरीचे निसटलेले दगड जागी बसवावेत. शाळेतल्या मुलांना एकदा पाळीवर न्यावे आणि घळ कोठपर्यंत आली होती तो कडा दाखवावा. हे सारे काम एका दिवसाचे आहे आणि त्याला सरकारी मंजुरीची गरज नाही. ज्यांनी भुकेल्या पोटी डोक्यावरून माती वाहिली त्या बायकांपैकी फार थोड्या आता हयात आहेत. त्यांच्या हजेरीपटांचे कागद कोठल्या दप्तरात असतील ते असोत, त्यांनी घातलेली पाळ आमच्या ताब्यात आलेली आहे. बांधण्याचे ऋण त्या पिढीने आमच्यावर ठेवले, ते राखण्यानेच फिटावयाचे आहे, आणि राखण्याचे काम दरसाल मृग लागण्यापूर्वी पुरे झाले पाहिजे.